टेबलापाशी घेतलेला आकडा

"मीटर मेला वाटतं, मॅडम," तांडेल म्हणाले.

त्यांनी किरणोत्सार मोजायचा मीटर उचलला, तळव्यावर दोनदा थापटला, पुन्हा टेबलावर होता तसाच ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत शंभर सेकंद मोजले. मी शेडच्या दारात उभी राहून बूट झटकत होते. सोमवार होता. सकाळचे साडेआठ वाजले असतील.

"नऊ," ते म्हणाले. "सेकंदाला नऊ. गेल्या बुधवारी एकतीस होते."

"बॅटरी बघा."

"बघितली. नवीन घातली. तरी नऊ."

"दुसरा मीटर?"

"तोच काढतोय."

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी हा कारखाना होता. तिथल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून किरणोत्सारी थोरियम काढायचं आणि ते गॅसबत्तीच्या मेंटलसाठी पाठवायचं, हे त्याचं काम. चौदा वर्षांपूर्वी तो बंद पडला होता आणि गेली तीन वर्षं तो उतरवायचं काम चालू होतं. उतरवणं म्हणजे नुसतं पाडणं नव्हे. प्रत्येक टाकी, प्रत्येक पाइप, भिंतीचा प्रत्येक गिलावा मोजायचा. किरणोत्सारी निघेल ते सिमेंटमध्ये घालून ड्रममध्ये भरायचं, स्वच्छ निघेल ते कुंपणाबाहेर जाऊ द्यायचं. यावर देखरेख करणाऱ्या मंडळाची मी निरीक्षक. दर तीन महिन्यांनी यायचे, वह्या तपासायचे, सही करायचे. त्या सोमवारी शेवटची सही होती. ती झाली की कुंपण निघणार होतं आणि जागा पुन्हा साधी जमीन होणार होती.

मोजायचं काम आत्माराम तांडेल करत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एकही ताशेरा नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत, पण कारखान्यातल्या सगळ्यांना ती माहीत होती आणि ती तशीच टिकवून निवृत्त व्हायचं त्यांच्या मनात आहे, हेही. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते.

दुसऱ्या मीटरनेही नऊ दाखवले.

तेवढ्यात राजाध्यक्ष आले. ते तिथले प्रमुख. हातात चहाचा ग्लास, मूड चांगला.

"काय मॅडम, सही कुठे करायची ते सापडत नाही का? अहो तांडेल, निरोप समारंभाला तुम्हाला शाल हवी की नवीन मीटर? आत्ताच सांगा, ऑर्डर द्यायला बरं."

तांडेल हसले नाहीत. ते कपाटातून एक छोटी सीलबंद चकती काढत होते. मीटर खरं बोलतोय का हे बघायला ती असते. तिचा आकडा ठरलेला असतो. ती मीटरखाली ठेवली की, मोकळ्या मीटरचा आकडा वजा जाऊन, नेहमी बावन्न यायचे. आत्ताही बावन्नच आले.

"म्हणजे मीटर बरोबर आहे," मी म्हणाले.

"मीटर बरोबर आहे," तांडेल म्हणाले आणि मागच्या भिंतीकडे बघत राहिले.

त्या भिंतीच्या पलीकडे ड्रम होते. म्हणजे गुरुवारपर्यंत होते. कचरा भरलेले एकशे साठ ड्रम दोन वर्षांत एकेक करून तिथे रचले गेले होते आणि गुरुवारी-शुक्रवारी ट्रक येऊन ते कायमच्या साठवणीच्या जागी घेऊन गेले होते.

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल. कुठलाही मीटर, त्याच्यासमोर काहीही नसताना, थोडं काहीतरी दाखवतोच. जमिनीतून, वाळूतून, आकाशातून येणारं. त्याला आम्ही बॅकग्राउंड म्हणतो. रोज काम सुरू करण्याआधी तो घ्यायचा आणि दिवसभर मोजलेल्या प्रत्येक वस्तूच्या आकड्यातून वजा करायचा. उरलेला आकडा दहाच्या आत असला तर वस्तू बाहेर जाऊ शकते. तांडेल रोज सकाळी शेडमधल्या टेबलापाशी बॅकग्राउंड घेत. लहान तुकडे, पुसून घेतलेले कापडाचे बोळे ते त्याच टेबलावर मोजत. वीस-वीस फुटांचे पाइप शेडमध्ये मावत नसत. ते बाहेर अंगणात, ड्रमांपासून लांब, उंडीच्या झाडाखाली मांडून मोजले जात. वजा मात्र टेबलापाशी घेतलेला आकडाच व्हायचा.

बॅकग्राउंड वाढत गेला होता. नऊ, अकरा, चौदा, वीस, एकतीस. पण तो दोन वर्षांत वाढला, एकेका ड्रमबरोबर, महिन्याला एखाद्या अंकाने. आणि हा किनारा काळ्या वाळूचा. इथे बॅकग्राउंड जास्तच असतो, हे आम्हा सगळ्यांना इतकं पक्कं माहीत होतं की जास्त आकडा बघून कुणी थबकलं नाही. वारं दक्षिणेचं असलं की वाळू येते, असंही कुणीतरी म्हणायचं.

मी कागदावर लिहिलं. पाइप, अंगणात: चौतीस. वजा एकतीस. उरले तीन. स्वच्छ.

खाली पुन्हा लिहिलं. चौतीस वजा नऊ. पंचवीस.

मान वर केली तेव्हा तांडेल मीटर घेऊन अंगणात गेलेले होते. खिडकीतून दिसत होते. झाडाखाली उभे राहून घड्याळाकडे बघत शंभर सेकंद मोजत होते. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा अगदी साधा होता.

"बाहेर नऊच. बाहेर नेहमी नऊच असणार."

"किती पाइप गेले, तांडेल?"

"दोनशे बारा," त्यांनी वही न बघता सांगितलं. मग म्हणाले, "मॅडम, मीटर घेऊन माझ्या घरी चला."

"घरी?"

"आधी घरी चला."

राजाध्यक्षांनी चहाचा ग्लास खिडकीत ठेवला. "अरे, झालंय काय? कोणी मला सांगेल का?"

आम्ही दोघंही थांबलो नाही.

घर दहा मिनिटांवर होतं, कोळीवाड्याच्या टोकाला. वाटेत तांडेल एकच वाक्य बोलले. "भंगाराच्या लिलावात कामगारांना पहिला हक्क होता. मी सहा घेतले."

दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. बाहेरच्या खोलीत त्यांची बायको झोपलेली होती. यमुनाबाई. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता, तेव्हापासून त्या उठलेल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी तांडेलांनी खाट बनवली होती. अशी खाट मी हॉस्पिटलातसुद्धा पाहिली नव्हती. चार कोपऱ्यांना चार जाड पाइप, वर छताजवळ दोन आडवे, त्यांना कप्पी आणि सुती पट्टा. पट्टा ओढला की बाई एका माणसाला उचलून बसवता येत होत्या. जोड इतके नेटके होते की वेल्डिंगची रेघ हाताला लागत नव्हती. वर निळा रंग दिला होता.

"या गो बाय," यमुनाबाई म्हणाल्या. शब्द एका बाजूने निसटत होते, पण कळत होते. "ह्या काय मॅडम ना तुमच्या? बसायला द्या तिला. उभी काय ठेवलीय."

"बसते," मी म्हणाले.

"तुमचंच नाव घेतात रोज. मॅडम येणार, मॅडम येणार. माझं कधी एवढं नाव घेतलं नाय."

तांडेलांनी मीटर उशाकडच्या पाइपाला लावला. मी आकडा बघितला, त्यांनी बघितला, सहाही पाइपांचा मिळून. एक्केचाळीस. पायथ्याकडे अडतीस. अंथरुणावर, उशीच्या मध्यावर, एकतीस.

"काय शोधताय?" यमुनाबाईंनी विचारलं.

"काही नाही," तांडेल म्हणाले. "हे पाइप ऑफिसला परत हवेत. हिशोबात चूक झाली."

"दिलेलं परत घेतात होय सरकारवाले?" त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली. "मग नवऱ्याला पण न्या म्हणावं. तो पण सरकारीच हाय."

आम्ही अंगणात आलो. तांडेल तुळशीच्या कट्ट्याला टेकून उभे राहिले.

"किती डोस गेला असेल तिला, मॅडम?"

मी म्हणू शकले असते की नीट हिशोब करावा लागेल. पण त्यांनी तीस वर्षं हे आकडे पाहिले होते.

"खाट कधी केलीत?"

"मागच्या वर्षी डिसेंबरात. आठ महिने झाले."

"दिवसाचे चोवीस तास धरले तर वर्षाला साधारण पंधरा. मिलिसिव्हर्ट."

"आणि बाहेरच्या माणसाला मर्यादा एक."

"एक."

"आम्हाला कामावर वीस चालतात."

"हो."

"म्हणजे मला चालले असते," तांडेल म्हणाले. "तिला नाही."

मी म्हणाले की एवढ्या डोसने लगेच काही होत नाही. कॅन्सरचा धोका वाढतो तो टक्क्याच्याही काही अंशाने. कुठल्याही डॉक्टरला तो दिसणार नाही. हे सगळं खरं होतं. ते मान हलवत ऐकत राहिले. आपण रोज दुसऱ्यांना सांगतो ते कुणी आपल्यालाच सांगावं, तसे.

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "हिशोबात चूक झाली, एवढंच."

दुपारी चार माणसं गेली आणि त्यांनी खाट कापून आणली. यमुनाबाईंना जमिनीवर गादी घालून निजवलं. पुढची चार वर्षं त्या जमिनीवरच होत्या. नंतर दुसऱ्या झटक्यात गेल्या. त्याचा पाइपांशी काही संबंध नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकते. मात्र लोखंडाची साधी खाट तांडेलांनी पुन्हा केली नाही आणि विकतही आणली नाही. त्याचं कारण मला माहीत नाही.

पुढचे पंधरा दिवस आम्ही पाइप शोधत फिरलो. बंबात जसा क्षार धरतो तसा त्यांच्या आतून थर धरलेला होता. पिवळट, कवचासारखा. किरणोत्सार त्याच्यात. बोंबील वाळवायच्या मांडवाला पाइप निघाले, होड्यांच्या शेडला निघाले, एका व्यायामशाळेच्या डबलबारला निघाले. लोक म्हणायचे, "विकलेत ना आम्हाला? पावती आहे." तांडेल प्रत्येक ठिकाणी स्वतः पुढे होत, नमस्कार करत आणि म्हणत, "माझी चूक झाली, भाऊ. दुसरे देतो." दोनशे बारांपैकी एकशे एकाहत्तर मिळाले. एक्केचाळीस मिळालेच नाहीत. भंगारवाल्याकडून ते भट्टीत गेले असणार. त्यांचं पुढे काय झालं, कुठल्या सळईत, कुठल्या कढईत, हे कुणालाच सांगता येणार नाही.

चौकशी समिती बसणार हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. तिची तारीख कळली त्या दुपारी मी शेडमध्ये एकटी होते. कपाटात तांडेलांच्या तीन वह्या होत्या. निळ्या पुठ्ठ्याच्या, प्रत्येक वर्षाची एक. मी पहिली काढली. मला तारीख आठवत नव्हती, पण महिना आठवत होता. पान सापडायला वेळ लागला नाही.

त्यांच्या सरळ अक्षरात लिहिलेलं होतं: *आजपासून बॅकग्राउंड झाडाखाली न घेता शेडमधील टेबलापाशी घेणे. निरीक्षक मॅडम यांच्या सूचनेवरून.*

तो माझा तिथला पहिला दौरा होता. नोकरीला आठ महिने झाले होते. तांडेल मीटर घेऊन उंडीच्या झाडाखाली चालले होते आणि मी त्यांना थांबवलं होतं.

"बाहेर कुठे निघालात?"

"बॅकग्राउंड घ्यायला, मॅडम. नेहमी इथेच घेतो."

"पुस्तिकेत 'मोजणीच्या टेबलापाशी' असं लिहिलंय."

"ते खरं. पण पाइप आपण बाहेर मोजतो. मग बाहेरचाच धरायला नको का?"

मला आठवतं, त्यांचा आवाज विचारल्यासारखा होता, सांगितल्यासारखा नव्हता. आणि मला हेही आठवतं की त्यांचं म्हणणं बरोबर आहे असं क्षणभर वाटलं होतं. पण राजाध्यक्ष शेजारी उभे होते, दोन इंजिनिअर होते, आणि मी तिथली एकटी बाई होते, सगळ्यांत लहान. मी म्हणाले, "दोन जागांचे दोन आकडे नकोत. एकसारखेपणा हवा. पुस्तिकेप्रमाणे करा."

"बरं," तांडेल म्हणाले होते, आणि वही उघडून लिहिलं होतं.

ड्रम त्या भिंतीमागे आले ते नंतर, वर्षभराने. ते कुठे ठेवायचे याच्या नकाशावर माझी सही होती.

वही हातात घेऊन मी उभी होते तेव्हा राजाध्यक्ष आत आले. माझ्या हातात कितवी वही आहे, ते त्यांनी पाहिलं.

"समितीने गेल्या दोन वर्षांच्या वह्या मागितल्यात," ते म्हणाले. "ड्रम आले तेव्हापासूनच्या. तिसरी मागितलेली नाही. म्हणजे पहिली."

मी वही मिटली, पण हातातच ठेवली.

"बसा, मॅडम. हे बघा, तांडेल महिनाअखेरीला जाणार. पेन्शनला हात लागणार नाही, ते मी बघतो. एक ताशेरा लिहिला जाईल सेवापुस्तकात. पुस्तक कपाटात जाईल. संपलं. तुमचं मात्र आत्ता सुरू झालंय. आणि तुमच्या मंडळानेच चुकीची सूचना दिली असं बाहेर आलं, तर उद्या कोणता कारखाना तुमचं ऐकेल?"

"तांडेलांशी बोललात का तुम्ही?"

"मी कशाला बोलू? तपासलेल्या वह्यांची यादी तुम्ही द्यायची आहे. मी नाही."

मी समितीसमोर सगळं सांगणार होते. हे मी आज स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. काय बोलायचं ते मी लिहूनसुद्धा काढलं होतं, चार वाक्यं. पण यादी आधी पाठवायची होती, आणि यादीत मी दोन वह्या लिहिल्या. विचारलंच तर तोंडी सांगता येईल, असं म्हटलं.

समितीत तिघं होते. कारखान्याच्या जेवणघरात लांब टेबलं जोडून त्यांची बैठक मांडली होती. अध्यक्ष वयस्कर, सौम्य गृहस्थ होते. प्रश्न विचारण्याआधी ते प्रत्येक वेळी चष्मा पुसत. तांडेल उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

"पाइप बाहेर मोजले आणि बॅकग्राउंड आत घेतला. यात चूक आहे, हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं ना?"

"हो साहेब. यायला हवं होतं."

"एवढा अनुभव तुमचा."

"हो."

"ही पद्धत मुळात सुरू कोणी केली? जागा कोणी ठरवली?"

मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. माझी चार वाक्यं समोर होती. तांडेलांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते अध्यक्षांच्या मागच्या भिंतीकडे बघत होते.

"मीच," ते म्हणाले. "टेबल जवळ होतं. गुडघे दुखतात. झाडापर्यंत जायचा कंटाळा यायचा."

समितीतल्या एकाने सुस्कारा टाकला. दुसऱ्याने लिहून घेतलं. *कंटाळा* हा शब्द अहवालात आहे. मी तो नंतर वाचला. ज्या माणसाने एकतीस वर्षांत एक दिवस काम बुडवलं नव्हतं, पाऊस असो, ताप असो, त्याच्याबद्दल.

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुमच्या माहितीत याहून वेगळं काही?"

खोलीत पंखा चालू होता. समोरचा कागद उडू नये म्हणून मी त्यावर हात ठेवला होता. हात उचलला असता तर बाकीचं आपोआप झालं असतं, असं मला खूप वर्षं वाटत आलंय. पण ते खरं नाही. हात उचलून वाचावंही लागलं असतं.

"नाही," मी म्हणाले.

अर्ध्या तासात सगळं संपलं. मी बाहेर आले. जेवणघराच्या मागे नळापाशी एक सिमेंटचा बाक होता, तिथे तांडेल बसले होते. मी आल्या वाटेने परत वळणार होते, पण त्यांनी मला बघितलं होतं.

"मॅडम, जेवलात का?"

"नाही."

"मग या. तुमची गाडी तीनला."

त्यांनी मांडीवर डबा उघडला. तांदळाची भाकरी होती, सकाळी स्वतःच थापलेली, कडा जरा करपलेल्या. वांग्याचं भरीत होतं. मी बाकाच्या टोकाला बसले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "आधी खा," आणि भाकरीची दोन शकलं केली. मोठं शकल झाकणात ठेवून माझ्यासमोर धरलं.

मला खूप भूक लागली होती. मी खाल्लं.